भूमी वर येते तेव्हा



भूगोलाच्या तासाला एक सोपा प्रयोग करता येतो. बादलीभर पाण्यात मोजपट्टी उभी धरावी आणि पाणी कोणत्या आकड्यापर्यंत आहे, ते मुलांकडून वाचून घ्यावे. मग पट्टी दोन बोटे वर उचलावी. पाणी जेथल्या तेथेच असते. परंतु केवळ आकड्याकडे पाहणाऱ्या मुलास ते उतरल्याचा भास होतो. हाच भास एका थोर शास्त्रज्ञासही झाला होता.

उष्णतामापकामुळे ज्यांचे नाव शाळाशाळांतून परिचित आहे, ते हे आंडर्स सेल्सिअस. त्यांच्या स्वीडन देशात किनाऱ्यावरील जुनी बंदरे उथळ होत चालली होती. सील प्राणी ज्या खडकांवर विसावत, ते खडक पाण्याबाहेर उंच राहू लागले होते. १७३१ साली सेल्सिअस यांनी लोव्हग्रुंड बेटावरील एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरविली. समुद्राचे पाणी कमी होत आहे, असे त्यांचे मत होते. निरीक्षण खरे होते. अर्थ मात्र चुकला. वर येत होती ती भूमी.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी त्या प्रदेशावर जवळजवळ तीन किलोमीटर जाडीचे बर्फ होते. त्या भाराने भूकवच खाली दबले आणि त्याखालचा तप्त खडक हळूहळू बाजूस सरला. हा खडक घनच असतो. पण हजारो वर्षांच्या दाबाने तो वाहतो. बर्फ वितळल्यावर तो परत येऊ लागला. मळलेल्या कणकेत अंगठ्याने पाडलेला खळगा जसा सावकाश वर येतो, तसेच हे आहे. भूमीच्या या दबण्याचे कारण बर्फाचा भार होय, हे स्कॉटलंडच्या टॉमस जेमिसन यांनी १८६५ साली मांडले. बोथनियाच्या आखाताकाठची भूमी आजही वर्षाला सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत वर येत आहे.

भूमी हलते की समुद्र, हे ठरविण्यासाठी दोहोंपासून वेगळी मोजपट्टी हवी. ती आता उपग्रहांनी दिली आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह रेडिओ संदेश पाठवितात. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते. निदान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्थान निश्चित होते. उंची पृथ्वीच्या मध्यापासून मोजली जाते. हवेतील बाष्पामुळे संदेशास किंचित विलंब होतो, म्हणून वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र करूनच मिलिमीटरचा फरक हाती येतो.

ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथे बर्फातून डोके वर काढलेल्या खडकांवर अशी यंत्रे पक्की बसविली आहेत. उन्हाळ्यात ती सूर्यप्रकाशावर चालतात. हिवाळ्याच्या लांब रात्रीत साठविलेल्या विजेवर तग धरतात. अंटार्क्टिकातील आमुंडसेन समुद्राकाठी भूमी वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत वर येते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

या मोजणीवर मोठी गोष्ट अवलंबून आहे. २००२ साली सोडलेल्या ग्रेस या जोड उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील फरकावरून ध्रुवीय बर्फाची घट मोजण्यास आरंभ केला. परंतु बर्फ कमी होत असताना त्याखाली खडक परत येत असतो, आणि त्याचेही वजन त्याच मापात मिसळते. तो हिशेब वेगळा केल्यावाचून किती बर्फ गेले, हे नीट सांगता येत नाही. आणि त्या बर्फाचे पाणी अखेर जगातील समुद्रांतच मिळते.

सेल्सिअस यांची खूण आज पाण्यापासून बरीच उंच आहे. वर्गात आकडा बरोबर वाचणाऱ्या मुलास शाबासकी अवश्य द्यावी. पण त्याला पुढचा प्रश्नही विचारावा : पट्टी कशावर उभी आहे? हा प्रश्न मुले स्वतः विचारू लागली, की पाठ सार्थकी लागला.