जंगल कागदावर उगवत नाही

(साक्षरता वर्गातील प्रौढ स्त्री-पुरुषांपुढे केलेले भाषण)



आज आम्ही जंगलाबद्दल चार गोष्टी सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आपल्या जालना जिल्ह्यात जंगल आहे कुठं?" बरोबर आहे. आपल्याकडे शंभर एकर जमीन धरली, तर त्यात जंगल जेमतेम एक एकर भरतं. आपल्याच महाराष्ट्रात पूर्वेच्या टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. तिथं शंभर एकरांत सत्तर एकरांच्या आसपास जंगल आहे. पण ज्याच्या कणगीत दाणा नाही, त्यालाच दाण्याची किंमत कळते. म्हणून ही गोष्ट आपणच आधी ऐकली पाहिजे.

जंगल म्हणजे काय? नुसती उभी लाकडं म्हणजे जंगल नव्हे. गडचिरोलीच्या रानात उन्हाळ्यात मोहाची फुलं गळतात. बायका ती पहाटे वेचतात. पुढं तेंदूची पानं तोडतात. चारोळी, हिरडा, मध, बांबू हेही रानच देतं. झाडाखाली पाल्याचा थर असतो. पाऊस त्या थरावर पडतो आणि हळूहळू जमिनीत मुरतो. तेच पाणी पुढं ओढ्याला आणि विहिरीला येतं. पाखरं बी टाकतात. मुंगी आणि वाळवी माती भुसभुशीत करतात. असं शेकडो वर्षं चाललं, तेव्हा एक जंगल तयार होतं. ते कुणी लावलेलं नसतं.

आता लोखंडाकडं वळू. आपलं जालना शहर लोखंडी सळयांसाठी प्रसिद्ध आहे. इथल्या भट्ट्यांत भंगार लोखंड वितळवून सळया करतात. घरावर स्लॅब टाकायचा तर सळई लागतेच. पण भंगार झालं तरी ते लोखंड कधी काळी कुठल्या तरी डोंगरातून निघालेलं असतं. नांगराचा फाळ असो की विळा असो, त्याची आई डोंगरच.

असा एक डोंगर म्हणजे सुरजागड. तो गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात आहे. तिथं माडिया गोंड लोक राहतात. डोंगरावर त्यांचा ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत सत्तर गावांची माणसं तिथं यात्रेला जमतात. डोंगराच्या पोटात चांगलं लोहखनिज आहे. २००७ साली लॉइड्स मेटल्स या कंपनीला तिथली ३४८ हेक्टर जमीन खाणीसाठी मिळाली. २०१६ साली खोदकाम सुरू झालं, मध्ये थांबलं आणि २०२१ पासून पुन्हा चालू झालं. २०२३ साली वर्षाला ३० लाख टनांऐवजी १ कोटी टन खनिज काढायची परवानगी मिळाली. त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला २०२२ साली जनसुनावणी झाली. ती कुठं झाली? डोंगराखालच्या गावात नाही. शंभर किलोमीटरहून लांब, जिल्ह्याच्या गावी! ज्याच्या दारापुढून खनिजाचे ट्रक जाणार, त्यानं म्हणणं मांडायला दिवसाची मजुरी बुडवून जायचं. खाणीचा लाल गाळ पावसाच्या पाण्याबरोबर आमच्या शेतात आला, अशी तक्रार तिथल्या शेतकऱ्यांनी केली आहे. २०२५ साली त्याच भागात खनिज धुण्याच्या कारखान्यासाठी आणखी सुमारे ९३७ हेक्टर, म्हणजे २३०० एकर जंगल द्यायला केंद्र सरकारनं तत्त्वतः मंजुरी दिली. त्यात एक लाखाहून अधिक झाडं जातील.

तुम्ही विचाराल, जंगल राखायला सरकारनं कायदा केला नाही का? केला आहे. १९८० सालचा वनसंवर्धन कायदा आहे. कुणाला जंगल हवं असेल, तर त्यानं दुसरीकडं जमीन द्यावी, तिथं झाडं लावावीत आणि पैसे भरावेत. ऐकायला हा हिशेब बरा वाटतो. पण मंडळी, दुभती म्हैस नेली आणि दावणीला शेणाची म्हैस करून ठेवली, तर धार निघेल का? एका जागेचं जुनं रान तुटतं. दुसऱ्या जागी रांगेनं रोपं लागतात. त्यांत मोह क्वचित असतो. लवकर वाढणारी परकी झाडं मात्र पुष्कळ असतात. पाखरं तिकडं जात नाहीत. गडचिरोलीच्या बाईनं मोहाची फुलं वेचायला तिथं जायचं का?

आम्ही मुख्याध्यापक असतानाची गोष्ट. एका सरकारी कार्यालयाचे लोक दर जुलैत शाळेत रोपं घेऊन येत. फोटो निघत. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप लागे. पाच वर्षांत कागदावर पाचशे झाडं झाली. मैदानावर जगली फक्त सात. ती आपली गावठी कडुलिंबाची होती आणि मुलांनी उन्हाळाभर त्यांना पाणी घातलं होतं.

आता एक गणित सोडवा. आपल्या राज्य सरकारनं २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं. बेरीज किती? ५० कोटी. २०११ च्या शिरगणतीत राज्यात सव्वाअकरा कोटी माणसं होती. म्हणजे माणशी चार झाडं तरी आली. दोन हजार वस्तीच्या गावात आठ हजार झाडं हवीत. उद्या शिवारात जाऊन मोजा. या झाडांची चौकशी करायला २०२१ साली आमदारांची समिती नेमावी लागली, यातच सगळं आलं.

सरपणाची मोळी आणणारी बाई रानाच्या वाटेवर अडवली जाते, आणि अख्खा डोंगर मात्र सहीशिक्क्यानं जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच. २०२३ साली त्या वनकायद्याच्या नावात 'संरक्षण' आणि 'संवर्धन' असे दोन्ही शब्द आले. त्याच वेळी काही कामांना परवानगीतून सूटही मिळाली. कुंपणानंच शेत खाल्लं, तर राखण कुणी करायची?

काहीजण म्हणतात, "लोखंड तर लागणारच. खाणीनं पोरांना काम मिळतं." हे खोटं नाही. लोखंड नको असं आम्हीही म्हणत नाही. पण मोहाचं झाड आजोबाला देतं, नातवालाही देतं. खाणीतलं खनिज एकदाच निघतं. खनिज संपलं की कामही संपतं. म्हणून कुठं खणायचं, किती खणायचं, हे तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय ठरता कामा नये.

रागाच्या भरात वेगळी वाट धरणारेही आहेत. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी सुरजागडला सत्तरहून अधिक वाहनं जाळली. त्यानं डोंगर वाचला नाही. उलट बंदुका वाढल्या आणि दोन्हीकडून गरीबच भरडला गेला.

खरी वाट त्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं दाखवली. हे गाव धानोरा तालुक्यात आहे. तिथल्या रानातला बांबू सरकार ठेक्यानं कागद गिरणीला देत असे. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी काय केलं? त्यांनी अभ्यासगट काढला. एकत्र बसून कायदे समजून घेतले. निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं घ्यायचा, असा नेम केला. २००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली मेंढ्याच्या ग्रामसभेला १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होतं. तरीही बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. गाव मागं हटलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रातले मंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

ओडिशात नियमगिरी नावाचा डोंगर आहे. तिथं बॉक्साइटची खाण होणार होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही गावांनी "नाही" म्हटलं आणि खाण थांबली. ग्रामसभेच्या शब्दाला एवढं बळ आहे. म्हणूनच तो शब्द मागं सारण्याची खटपट चालते. पूर्वी जंगल देण्याआधी केंद्र सरकारला गावाची संमती पाहावी लागे. २०२२ च्या नियमांनी ते काम परवानगीनंतर राज्य सरकारवर सोपवलं. घर विकून झाल्यावर मालकाला विचारण्यातला हा प्रकार!

मग आपण जालन्यात काय करायचं? आपल्याकडं लोखंडाची खाण नाही, पण टेकडीचा मुरूम आहे. गोदावरीची आणि पूर्णेची वाळू आहे. गावाचं गायरान आहे. नाल्याकाठी पळस, बाभूळ, हिवर अजून तग धरून आहेत. एवढंच आपलं जंगल. ते तरी राखू या.

तीन कामं सांगतो. पहिलं, ग्रामसभा चुकवू नका. वर्षात चार तरी ग्रामसभा होतातच. मावश्यांनो, तुम्हीही जा. रानातलं तुम्हाला जास्त कळतं. दुसरं, ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही मागा. २००२ च्या कायद्यानुसार ती प्रत्येक ग्रामपंचायतीत हवी. गावातली झाडं, पाखरं, जुनी बियाणी तिच्यात लिहायची असतात. आपल्या टेकडीवरची झाडं तिच्यात आहेत का, ते स्वतः वाचा. नसतील तर लिहायला लावा. तिसरं, टेकडी, गायरान किंवा नदी यांबद्दलचा कुठलाही ठराव आला, तर तो मोठ्यानं वाचायला सांगा. मग स्वतः वाचा. कळला नाही तर सही करू नका.

अंगठा लावणाऱ्याला कागदात काय आहे ते दुसऱ्यानं सांगावं लागे. आता तुम्हाला अक्षर येतं. कागदावर जंगल उगवत नाही, पण न वाचलेल्या कागदावर ते तुटतं मात्र. म्हणून डोळे उघडे ठेवून वाचा, एवढं सांगून आम्ही आपली रजा घेतो.