टेकले की तरंगते?



हृदयाचे ठोके बिघडलेल्या काही रुग्णांत मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात आणि इलेक्ट्रोडमधून वीज देऊन दोषी जागा तापवतात. सुमारे 50 अंश सेल्सियसला तेथील पेशी मरतात. वरच्या कप्प्यांची थरथर बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांत सुरू होते, असे 1998 मध्ये फ्रान्समधील बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांनी दाखविले. त्या शिरेच्या तोंडाभोवती वर्तुळच जाळावे लागते, म्हणून एका नळीवर अनेक इलेक्ट्रोड आले.

आता धडधडत्या हृदयात नऊ टेकले आणि दहावे रक्तात तरंगत राहिले तर? वर्तुळात फट राहते, आजार परततो. शिवाय तापलेल्या इलेक्ट्रोडवर रक्ताची गुठळी धरू शकते. दहा ठिकाणी दाबमापक बसविणे अवघड. मग विजेचा रोध मोजतात. रक्तातून वीज सहज वाहते, स्नायूतून तितकी नाही. म्हणून टेकताच रोध वाढतो. पण दोन शेजाऱ्यांमधला रोध वाढला, तर टेकले कोण? येथे खरी गंमत आहे. निरनिराळ्या जोड्या मोजायच्या, समीकरणे मांडायची आणि एकेकाचा वाटा वेगळा काढायचा. आपल्या नववी-दहावीच्या एकसामयिक समीकरणांचेच हे थोरले भावंड!

हे काम गणित नि विद्युतशास्त्र शिकलेल्यांचे. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून हुशार मुलीचे शिक्षण थांबविणारी घरे आपल्या मोहल्ल्यात आहेत. अकरावीत जीवशास्त्राबरोबर गणितही घेता येते. फॉर्म भरताना ते खोडू नका.