थांबणं हेही एक काम आहे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी तुम्हाला एका बापाविषयी सांगणार आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे आणि तिला आता बरीच वर्षं झाली. पण हिवाळा आला आणि ओळखीतली मुलं ‘आम्ही बर्फ बघायला निघालोय’ असं सांगायला आली, की मला ती हमखास आठवते. मी पंचवीस-तीस वर्षं सह्याद्रीत तरुण मुलांना घेऊन हिंडलो. आपल्याकडे बर्फ नाही हे खरं, पण वाट चुकलेलं माणूस कसा विचार करतं, ते बर्फात काय आणि कारवीच्या रानात काय, फारसं वेगळं नसतं.

तर या माणसाचं नाव जेम्स किम. वय ३५. सॅन फ्रान्सिस्कोला राहत. सी-नेट नावाच्या माध्यमसंस्थेत संपादक होते. नवनवी इलेक्ट्रॉनिक उपकरणं तपासायची आणि लोकांना त्यांच्याविषयी समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. घरात पत्नी, चार वर्षांची मोठी मुलगी आणि सात महिन्यांची धाकटी. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत हे चौघं उत्तरेला सिॲटलकडे जाऊन मोटारीनं परत येत होते.

२५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ऑरेगन राज्यातल्या रोझबर्ग गावी त्यांनी जेवण केलं. मुक्काम समुद्रकाठच्या गोल्ड बीचला करायचा होता. तिकडे जाणारा ४२ नंबरचा रस्ता जिथे फुटतो, तो फाटा चुकला. आपल्याकडेही असं होतं. बोलण्याच्या नादात फाटा मागे पडतो आणि आपण म्हणतो, ‘जाऊ दे, पुढून वळू.’ त्यांनीही नकाशा पाहिला. पुढून डोंगरातून जाणारा एक रस्ता दिसला, बेअर कॅम्प रोड. उन्हाळ्यात लोक त्या रस्त्यानं जातात. हिवाळ्यात तो बर्फानं बंद होतो आणि तशा पाट्याही तिथे आहेत.

वर चढल्यावर बर्फ लागला. ते मागे फिरले. अंधारात, पडत्या बर्फात एका फाट्यावर भलताच रस्ता पकडला गेला. लाकूडतोडीसाठी काढलेला तो जंगलातला रस्ता. त्याच्या तोंडाशी हिवाळ्यात बंद ठेवायचं फाटक होतं, ते त्या रात्री उघडं होतं. त्या रस्त्यानं वीसेक मैल आत गेल्यावर मध्यरात्रीनंतर त्यांनी गाडी थांबवली. उजाडलं तेव्हा गाडी बर्फात अडकलेली होती.

आता पुढचे सात दिवस डोळ्यांसमोर आणा. मोबाईलला रेंज नाही. खायला बाळाचं डबाबंद खाणं आणि थोडी बिस्किटं. बर्फ वितळवून पाणी. गाडीतलं पेट्रोल होतं तोवर इंजिन चालवून ऊब घेतली. ते संपल्यावर शेकोटी केली. शेवटी गाडीचे टायर काढून पेटवले, ऊब मिळावी आणि काळा धूर कुणाच्या नजरेस पडावा म्हणून. आणि त्या आईनं आपल्या दोन्ही मुलींना, चार वर्षांच्या मुलीलाही, अंगावर पाजून जगवलं.

२ डिसेंबरला सकाळी पावणेआठच्या सुमारास जेम्स किम मदत आणायला निघाले. पायात साधे खेळायचे बूट. नकाशावरून त्यांचा अंदाज असा, की जवळचं गाव चार मैलांवर आहे. दुपारी एकपर्यंत कुणी भेटलं नाही तर परत येतो, असं सांगून ते गेले. ते परत आले नाहीत.

४ डिसेंबरला हेलिकॉप्टरमधून पाहणाऱ्या एका माणसाला त्यांची पत्नी आणि मुली दिसल्या. तिघीही जिवंत होत्या. ६ डिसेंबरला जेम्स किम यांचा मृतदेह बिग विंडी क्रीक नावाच्या ओढ्यात सापडला. मृत्यू थंडीनं झाला होता. ते सोळा मैलांच्या आसपास, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर चालले होते. काही मैल रस्त्यानं गेले आणि मग रस्ता सोडून ओढ्याच्या घळीत उतरले. आणि जिथे ते सापडले ती जागा त्यांच्या मोटारीपासून सरळ रेषेत जेमतेम मैलभर होती.

ही बातमी आली तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, ‘कशाला गेला? गाडीत बसून राहिला असता तर वाचला असता.’ हे म्हणायला सोपं आहे. सात दिवस आकाशाकडे बघून कुणी येत नाही, मुलं डोळ्यांदेखत सुकतायत, खाणं संपलंय, टायर जाळून झालेत. अशा वेळी नुसतं बसून राहणं कुठल्या बापाला जमेल? तो माणूस बेफिकीर नव्हता. एक आठवडा तो थांबलाच होता. निघताना परत यायची वेळ सांगून गेला होता. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण त्याच्या त्या सात दिवसांतून आपल्याला काही शिकता आलं नाही, तर तो दोष मात्र आपला.

पहिली गोष्ट म्हणजे नकाशावरचं अंतर. कागदावर चार मैल दिसतात, पण डोंगरातला रस्ता प्रत्येक घळीला वळसा घालत जातो. सह्याद्रीत कुणाही गावकऱ्याला विचारा. ‘ते काय, समोर दिसतंय’ असं तो म्हणाला की शहाण्या माणसानं दोन तास धरावेत. त्यात गुडघाभर बर्फ असेल तर हिशेब आणखी वेगळा.

दुसरी गोष्ट ओढ्याची. वाट चुकलेल्या माणसाला ओढा फार जवळचा वाटतो. पाणी खाली जातं, खाली नदी असते, नदीकाठी गाव असतं, असं मन सांगतं. मी माझ्याबरोबरच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत असे, की वाट चुकली तर ओढ्यानं उतरायचं नाही. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. ओढा चार पायऱ्या नीट उतरवतो आणि पाचव्या ठिकाणी सरळ कड्यावरून खाली पडतो. पुढे जाता येत नाही आणि मागे चढता येत नाही. ऑरेगनच्या त्या घळीत भरीला बर्फाचं पाणी होतं. ओलं अंग कोरड्या अंगाच्या कितीतरी पट वेगानं उष्णता गमावतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की आधी थडथड कापरं भरतं, मग ते थांबतं, मग बुद्धी चालेनाशी होते. म्हणजे नेमका जेव्हा विचार करायचा, तेव्हाच विचार करायचं साधन हातातून जातं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. शोधणाऱ्याला गाडी सापडते, माणूस सापडत नाही. गाडी मोठी असते, चकाकते, वरून दिसते, रस्त्यावर असते. माणूस झाडाखाली असतो, घळीत असतो. २०११ च्या मार्चमध्ये कॅनडातलं एक जोडपं अमेरिकेच्या नेवाडा राज्यात असंच आडरस्त्याला अडकलं. नवरा मदत आणायला चालत निघाला. बायको गाडीपाशी राहिली. सात आठवड्यांनी शिकाऱ्यांना ती सापडली, जिवंत. नवऱ्याचे अवशेष मिळायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

आता कुणी म्हणेल, चालत जाऊन वाचलेली माणसं नाहीत का? आहेत. त्याच नेवाडात १९९२ च्या डिसेंबरअखेर एक तरुण जोडपं तान्ह्या बाळासह बर्फात अडकलं. पुढे बायको-बाळाला कपारीत ठेवून नवरा एकटा मैलोन् मैल चालला. अखेर रस्त्याच्या कामावरचा एक माणूस त्याला भेटला. तिघंही वाचले, पण नवरा-बायको दोघांनाही पावलांचा काही भाग गमवावा लागला. अशी उदाहरणं आपल्याला फार आवडतात, कारण त्यात माणूस काहीतरी करतो. पण त्यावर भरवसा ठेवून निघू नये.

खरं सांगायचं तर मला या गोष्टीत जेम्स किम यांच्याइतकीच त्यांची पत्नी महत्त्वाची वाटते. आपल्या मनात असं बसलेलं असतं, की निघाला तो धडपडला आणि थांबली ती नुसती बसली. तसं नाही. नवरा गेल्यावर आणखी दोन दिवस तिनं दोन मुलींना उबेत ठेवलं, पाजलं, शांत ठेवलं आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला तेव्हा छत्री हलवून खूण केली. थांबणं हेही एक काम आहे, आणि ते करायला शिकावं लागतं. विशेषतः आपल्या पुरुषमंडळींना.

मग थांबलेल्यानं करायचं काय? इंजिन सारखं चालू ठेवायचं नाही. तासाला दहा मिनिटं पुरे. आणि प्रत्येक वेळी चालू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढायचा, एक काच बोटभर उघडी ठेवायची. नळी बर्फानं बुजली की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपतो तो उठत नाही. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला गेलेल्या हजारो गाड्या एका रात्रीत अडकल्या. किमान २२ माणसं गाड्यांमध्ये दगावली, त्यात मुलं होती. काही थंडीनं गेली, काही या वायूनं. तेव्हा हे लक्षात ठेवा. शिवाय गाडीच्या टपावर भडक रंगाची ओढणी किंवा चादर बांधायची, टपावरचा बर्फ झाडत राहायचं, रात्री आतला दिवा थोडा वेळ लावायचा, सगळ्यांनी एकमेकांना बिलगून बसायचं.

आणि थांबणाऱ्याला कुणीतरी शोधायला हवं असेल, तर तो कुठून गेला हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं. किम कुटुंब कामावर परतलं नाही तेव्हा शोध सुरू झाला, पण शोधायचं कुठे? पोर्टलंडपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत हजारभर किलोमीटरचा मुलूख. त्यांनी कुठला रस्ता धरला हे कुणालाच माहीत नव्हतं. धागा मिळाला तो मोबाईलचा. एका मोबाईल कंपनीच्या दोन अभियंत्यांनी, कुणी सांगितलेलं नसताना, नोंदी चाळल्या. २६ तारखेला रात्री दीडच्या सुमारास त्या फोनला क्षणभर एका मनोऱ्याचा संपर्क मिळाला होता आणि दोन संदेश पोचले होते. त्या मनोऱ्याची लहर कुठल्या उतारापर्यंत पोचू शकते याचा त्यांनी हिशेब मांडला आणि शोध बेअर कॅम्प रोडकडे वळला. हे त्यांनी कळवलं तो दिवस २ डिसेंबर. म्हणजे ज्या सकाळी किम गाडी सोडून निघाले, तोच.

या तारखेपाशी मी नेहमी थबकतो. मदत दिसत नव्हती, पण ती निघाली होती. अडकलेल्या माणसाला हे कळायला काही मार्ग नसतो. जेम्स किम यांच्या वडिलांनी पुढे वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहून हेच मांडलं, की फोनच्या आणि बँक-कार्डाच्या नोंदी कुटुंबाला लवकर मिळाल्या असत्या, ते फाटक बंद असतं, शोधकामात मेळ असता, तर दिवस वाचले असते. त्या म्हाताऱ्या बापानं रडगाणं गायलं नाही, सुधारणा सुचवल्या.

आता आपल्याकडे या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि भर हिवाळ्यात लाहौलमध्ये गाड्या जाऊ लागल्या. सिक्कीममध्ये २८ डिसेंबर २०१८ रोजी नाथू लाहून परतणारे सुमारे अडीच हजार पर्यटक बर्फात अडकले होते. लष्करानं त्यांना आपल्या बराकींत नेलं, जेवू घातलं, म्हणून निभावलं. त्यांत आपल्यासारखीच साधी माणसं होती, जन्मात पहिल्यांदा बर्फ पाहणारी.

म्हणून निघण्याआधी एवढं करा. घरी एका माणसाला रस्त्याचं नाव सांगा, नुसतं गावाचं नाही. ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव’ असं सांगा. ठरलेला रस्ता बदललात तर रेंज असेपर्यंत तेही कळवा. फाटा चुकला तर मागे फिरा. त्यात तास जाईल, जाऊ द्या. गाडीत दोन घोंगड्या, पाणी, सुका खाऊ, काडेपेटी आणि एक फावडं ठेवा. स्थानिक चालक ‘साहेब, पुढं नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. आणि सगळे गाडीत बसल्यावर, हसतखेळत का होईना, एकदा ठरवून टाका, की अडकलो तर कुणीही गाडी सोडायची नाही. समोर माणसाचं घर दिसत असेल तेवढाच अपवाद. हे घरी ठरवलेलं असलं की सातव्या दिवशी, थकलेल्या डोक्यानं, एकट्या बापाला ठरवावं लागत नाही.

सुखरूप जा आणि सुखरूप परत या. नमस्कार.