आधी प्रश्न, मग वाण



माझं लहानपण बालाघाटच्या डोंगरात गेलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास आजी सीताफळांच्या टोपल्या घेऊन धारूरच्या बाजाराला जायची. डोळे उघडलेलं फळ आज विकलं नाही, तर उद्या मऊ पडणार. मग येईल त्या भावाला टोपली द्यायची आणि घरी परतायचं.

सरकारी कृषी संशोधन संस्थांत नवं तंत्र कशामुळे जन्माला येतं, असं कोणी विचारलं की मला ती टोपली आठवते. निधी हवा, प्रयोगशाळा हवी, हे खरंच. पण सुरुवात होते ती शेतकऱ्याच्या अडचणीपासून.

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं. त्याचं सीताफळ संशोधन केंद्र आपल्या अंबाजोगाईला आहे. तिथला 'धारूर-६' हा वाण आपण ऐकला असेल. त्याच्या नावातच आपला डोंगर आहे. चांगलं झाड हेरायचं, त्याची कलमं बांधायची, फळं येईपर्यंत थांबायचं, मग गर आणि बिया मोजायच्या. या कामात वर्षं जातात.

तुरीचंही तसंच. वांझ आणि मर या रोगांनी तूर हातची जायला लागली, तेव्हा बदनापूरच्या केंद्राने 'बीएसएमआर-७३६' दिला. पाऊस लवकर उघडीप देतो, म्हणून पुढे लवकर येणारा 'बीडीएन-७११' आला. या वाणांचं बियाणं शेतकरी घरचंच राखून पुन्हा पेरू शकतो. दरवर्षी विक्री होणार नाही, अशा बियाण्यात खासगी कंपनी कशाला पैसा घालील? म्हणून हे काम सरकारी संस्थेनंच करायचं असतं.

पण शोध लावण्याचा मक्ता काही संस्थांकडेच नाही. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी आपल्या बागेतूनच 'एनएमके-१' हे सीताफळ पुढे आणलं.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण मानांकनाने फळ दोन दिवस जास्त टिकत नाही. आजीची अडचण डोंगरातल्या बायांना आजही आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या बांधावर कमी बियांचं, उशिरा मऊ पडणारं एखादं झाड असेल, तर संशोधन केंद्राला जरूर कळवा. आणि शास्त्रज्ञ मित्रांनो, हंगामात एकदा बाजारच्या दिवशी टोपलीपाशी येऊन बसा. पुढच्या संशोधनाचा विषय तिथंच मिळेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)