व्यसनमुक्तीचे संशोधन : आशा किती, खात्री किती?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आम्ही संस्थेचा जमाखर्च आपणांसमोर ठेवतो. तो या अहवालात सविस्तर छापलेला आहे. आज आपल्या अनुमतीने आणखी एक हिशेब मांडावयाचा आहे. तो आशेचा आहे.

दारूच्या व्यसनाने ग्रासलेल्या रुग्णांचे नातलग अलीकडे वृत्तपत्रांतील कात्रणे घेऊन आमच्या कार्यालयात येतात. एका मात्रेने दारू कमी होते असे परदेशात उंदरांवर दिसले आहे, मग ते औषध आपल्याकडे का नाही, असा त्यांचा प्रश्न असतो. काही देणगीदारांनीही अशा उपचारासाठी स्वतंत्र देणगी देण्याची इच्छा दर्शविली आहे. प्रश्नामागील तळमळ खरी आहे. म्हणूनच त्याचे उत्तर टाळणे आम्हांस उचित वाटत नाही. आम्ही वैद्यक नव्हे. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आपणांसमोर मांडीत आहोत.

ज्या औषधांची ही चर्चा आहे त्यांना सायकेडेलिक औषधे म्हणतात. जाणिवेत आणि संवेदनांत ती काही तासांपुरता तीव्र बदल घडवितात. एलएसडी हे त्यांपैकी एक. स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी ते १९३८ मध्ये तयार केले आणि १९४३ मध्ये त्याचा परिणाम त्यांना स्वतःवरच अनुभवास आला. काही जातींच्या अळंबीत आढळणारे सिलोसायबिन त्यांनीच १९५८ मध्ये वेगळे केले. १९५० च्या दशकात कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड आणि एब्राम हॉफर या मानसोपचारतज्ज्ञांनी दारूच्या रुग्णांना एलएसडी देऊन पाहिले. पुढे १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये ही द्रव्ये कडक नियंत्रणाखाली आली आणि संशोधन जवळजवळ थंडावले. गेल्या काही वर्षांत ते पुन्हा सुरू झाले असून त्याचा मोठा भाग प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे.

उंदराला दारूविषयी प्रश्न कसा विचारावयाचा? रीत साधी आहे. पिंजऱ्यात दोन बाटल्या ठेवतात, एकीत पाणी आणि दुसरीत पाण्यात मिसळलेली दारू. प्राणी कोणत्या बाटलीतून किती पितो याचे रोज मोजमाप होते. दुसरी रीत अधिक बोलकी आहे. दीर्घकाळ दारू प्यालेल्या प्राण्याकडून काही दिवस दारू काढून घेतात आणि मग पुन्हा समोर ठेवतात. तेव्हा तो पूर्वीपेक्षाही अधिक पितो. महिनाभर निर्धाराने दूर राहिलेला माणूस एखाद्या लग्नात एक पेला घेतो आणि आठवड्यात पूर्ववत होतो, हे आपणांपैकी अनेकांनी घरी पाहिले असेल. प्रयोगशाळेत त्याची प्रतिकृती अशी उभी केली जाते.

आता निष्कर्ष पाहू. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात दारूची आवड असलेल्या जातीच्या लहान उंदरांना एलएसडीची एकच मात्रा देण्यात आली. कमी मात्रेने काहीच फरक पडला नाही. दुप्पट मात्रा दिलेल्या उंदरांचे दारू पिणे सुमारे १८ टक्क्यांनी घटले आणि हा परिणाम निरीक्षणाच्या ४६ दिवसांत टिकून राहिला. ही बाब जमेची.

परंतु २०२० मध्ये जर्मनीतील मानहाइम येथील संशोधकांनी मोठ्या जातीच्या उंदरांवर वर सांगितलेली दुसरी रीत वापरली. दारू काढून घेऊन पुन्हा देण्याच्या त्या कसोटीत सिलोसायबिन आणि एलएसडी या दोहोंचाही दीर्घकाळ टिकणारा परिणाम आढळला नाही. त्याच गटाने २०२१ मध्ये वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. दीर्घकाळच्या दारूने मेंदूच्या पुढील भागातील एक विशिष्ट ग्राहक-प्रथिन कमी होते, सिलोसायबिनने ते पुन्हा वाढते आणि त्या उंदरांची दारूकडे परत वळण्याची प्रवृत्ती कमी होते, असे त्यात दिसून आले. २०२४ मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथील संशोधकांनी कळ दाबून दारू मिळविण्यास शिकलेल्या उंदरांवर प्रयोग केले. सिलोसायबिन दिल्यावर त्यांचे पिणे सुमारे निम्म्यावर आले. मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित अशा एका छोट्या केंद्राच्या केवळ डाव्या बाजूस औषध दिले तरी हा परिणाम दिसला, उजव्या बाजूस दिल्यास दिसला नाही.

म्हणजे एका प्रयोगात होकार, दुसऱ्यात नकार, तिसऱ्यात पुन्हा होकार. प्राण्याची जात, दारूची सवय लावण्याची पद्धत, औषधाची मात्रा आणि मोजण्याची रीत बदलली की उत्तर बदलते. कात्रणात बहुधा एकच प्रयोग छापून येतो.

मग हे प्रयोग निरर्थक आहेत काय? मुळीच नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत दारूच्या ९३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३२ आठवड्यांच्या काळात अतिमद्यपानाच्या दिवसांचे प्रमाण सिलोसायबिन घेतलेल्यांत सुमारे १० टक्के, तर तुलनेसाठी दुसरे औषध घेतलेल्यांत सुमारे २४ टक्के होते. हा फरक लक्षणीय आहे. पण आपल्याला कोणते औषध मिळाले हे त्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी अचूक ओळखले होते. अशा वेळी गुण औषधाचा किती आणि रुग्णाच्या अपेक्षेचा किती, हे सांगणे कठीण होते. उंदराने कात्रण वाचलेले नसते. त्याला औषधाकडून कोणतीही अपेक्षा नसते. त्यामुळे द्रव्याचा स्वतःचा गुण पारखण्यास प्राण्यांवरील प्रयोगच उपयोगी पडतात.

मात्र जे उंदरापाशी नाही, ते तो सांगू शकत नाही. त्याला कर्ज नसते, अपमान नसतो, पगाराच्या दिवशी वाटेत लागणारा गुत्ता नसतो, दारात वाट पाहणारी मुलगी नसते. अमेरिकेतील त्या चाचणीत प्रत्येक रुग्णासाठी मानसोपचाराच्या बारा बैठकी योजिलेल्या होत्या, आणि भ्रमिष्टपणाच्या विकारांचा पूर्वेतिहास असणाऱ्यांना तीत घेतलेले नव्हते. औषध एकटे नव्हते. कात्रणातून नेमकी हीच बाब गळून जाते.

प्राण्यांपासून माणसांपर्यंतची वाट किती लांब असते, याचे उदाहरण आपल्या औषधालयातच आहे. नाल्ट्रेक्झोन या औषधाने माकडांचे स्वतःहून दारू घेणे कमी होते, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांवरील महत्त्वाच्या चाचण्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि दारूच्या व्यसनासाठी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये. चौदा वर्षे लागली, आणि तेही एक यशस्वी ठरलेले औषध होते.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी एक तत्त्व शिकविले जाते : संभाव्य नफा जमेस धरू नये, संभाव्य तोट्याची तरतूद मात्र अवश्य करावी. सायकेडेलिक औषधांविषयीचे संशोधन हा आज तरी संभाव्य नफा आहे. तो आम्ही नाकारीत नाही. पण रुग्णाच्या खाती जमा दाखवीत नाही. त्यासाठी देऊ केलेल्या देणग्याही याच कारणास्तव आम्ही नम्रपणे स्वीकारलेल्या नाहीत. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ नुसार ही द्रव्ये नियंत्रित आहेत. कोणी ती गुपचूप मिळवून देण्याचे आश्वासन दिल्यास कृपया त्यास बळी पडू नये.

तोट्याची तरतूद मात्र आजच करता येते. केंद्र शासनासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी साहाय्याची गरज आहे. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो. उरलेले सदतीस जण नव्या औषधावाचून अडलेले नाहीत. आज उपलब्ध असलेला उपचारच त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नाही.

आप्तजनांस एक विनंती. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसास घरात कोंडून त्याची दारू एकाएकी बंद करू नका. त्यातून झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि क्वचित ते जिवावर बेततात. त्यास रुग्णालयात आणा. पहिले काही दिवस देखरेखीखाली काढणे, त्यानंतर औषधे, समुपदेशन, कुटुंबाची बैठक आणि महिनोन्महिने पाठपुरावा, हाच आजचा परीक्षित मार्ग आहे. तो संथ आहे; मध्येच पाय घसरतो, आणि पुन्हा यावे लागते. पुन्हा आलेल्या रुग्णासही आमचे दार उघडेच असते.

देणगीदारांस आमचे सांगणे असे की, आपल्या देणगीचा या कामी सर्वांत सार्थ विनियोग खाटा, समुपदेशक आणि पाठपुराव्यासाठी होणारा प्रवासखर्च यांवर होतो. यांची बातमी कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही. ज्या दिवशी माणसांवरील चाचण्या पूर्ण होतील, कायदा अनुमती देईल आणि आमचे तज्ज्ञ होकार देतील, त्या दिवशी नवा उपचार आपणांसमोर ठेवण्यात आम्ही विलंब करणार नाही. तोवर जे हाती आहे ते अधिकाधिक घरांपर्यंत नेणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.