आठ आठवडे आईजवळ

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि मागे स्वयंपाकघरात आत्ता बटाटेवडे तळणाऱ्या सगळ्या ताई-दादांचे आधी आभार मानते. वड्यांचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा मी फार वेळ घेणार नाही.

आजच्या कार्यक्रमाचा निधी मुक्या प्राण्यांच्या उपचारांसाठी जाणार आहे. म्हणून "कुत्र्यामांजरांबद्दल काहीतरी सांगा" असा मला निरोप आला. पंधरा मिनिटांत सगळंच सांगायला गेलं तर हाती काहीच लागत नाही. म्हणून मी एकच गोष्ट सांगणार आहे. घरी कुत्र्याचं पिल्लू आणायचं असेल, तर ते निदान आठ आठवड्यांचं होईपर्यंत त्याच्या आईजवळ राहू द्या.

मी शिकले परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात आणि आता इथे इंग्लंडमध्ये प्रॅक्टिस करते. दोन्हीकडे आपली मंडळी मला हमखास विचारतात, "डॉक्टर, अगदी लहान असतानाच आणलं तर त्याला आपला जास्त लळा लागतो ना?" प्रश्न प्रेमापोटीच असतो. पण या एका समजुतीमुळे कितीतरी पिल्लं चार-पाच आठवड्यांची असतानाच आईपासून तोडली जातात. पुढे त्याचा त्रास त्या जनावराला होतो आणि घरातल्यांनाही होतो.

आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला सव्वा महिना जपायची पद्धत आहे. पाहुण्यांनासुद्धा आपण सांगतो, जरा थांबा, बाळ लहान आहे. आणि तेच आपण सव्वा महिन्याचं पिल्लू टोपलीत घालून, आईला मागे ठेवून, बिनदिक्कत घरी घेऊन येतो! तेव्हा या दिवसांत ती आई नेमकं काय करते, ते आधी बघू.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, कानही बंद असतात. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊबसुद्धा नीट राखता येत नाही. ती आईच्या पोटाशी मिळते. आपलं आपण शी-शू करणंही त्याला जमत नाही. आई चाटते तेव्हा ते होतं. पहिल्या दिवसाचं चिकाचं दूध तर फारच मोलाचं. रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं त्यातून पिल्लाला मिळतात आणि ती पोटातून रक्तात जाण्याची सोय साधारण पहिल्या चोवीस तासांपुरतीच असते.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, मग कान उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात यायला लागतात. ते सुईसारखे टोकदार असतात. पिताना ते आईला टोचतात, की आई उठून उभी राहते, दोन पावलं बाजूला जाते. पिल्लू थोडं रडतं आणि मग समोरच्या ताटलीत तोंड घालून बघतं. दूध सुटणं म्हणतात ते असं हळूहळू, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सातव्या-आठव्यापर्यंत चालतं. "आता ते खायला लागलं की, मग न्यायला काय हरकत आहे?" असं विकणारा सांगतो. पण खायला लागणं म्हणजे आईची गरज संपणं नव्हे. खरी शिकवणी तर तिथूनच सुरू होते.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांची दिवसभर मारामारी चालू असते. एकाने दुसऱ्याचा कान जोरात चावला की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून देतं. चावणाऱ्याला कळतं, इतक्या जोरात चावलं तर आपल्याशी कोणी खेळत नाही. आईच्या अंगाला फार झोंबलं तर ती गुरगुरते, तोंडाने दाबून धरते आणि लगेच सोडून देते. दात कुठे आवरायचे, समोरच्याने "पुरे" म्हटलेलं कसं ओळखायचं, खाण्यावरून भांडण झालं तर माघार कधी घ्यायची, हे सगळं ते असं शिकतं. कुत्र्यांची भाषा ही आहे आणि ती कुत्र्यांकडूनच नीट शिकता येते. आपण माणसं कितीही प्रेमळ असलो तरी आपल्याला ती शेपूट नाही, तसे कान नाहीत. आपण "नो, नो" म्हणून ओरडत बसतो, आणि पिल्लाला वाटतं आपणही खेळातच आहोत.

आता लळ्याचा प्रश्न. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॅक्सन लॅबोरेटरीत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला. १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. पिल्लाचं मन ओळखी करून घ्यायला सगळ्यात मोकळं असतं तो काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे आठव्या आठवड्यात आणलेल्या पिल्लाला तुमचा लळा लागायला चांगला महिनाभर शिल्लक असतो. घाई केल्याने लळा वाढत नाही, आई आणि भावंडांची शिकवणी तेवढी बुडते.

इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकशे चाळीस मोठ्या कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी प्रश्न विचारले. त्यातली सत्तर कुत्री तीस ते चाळीस दिवसांची असताना आईपासून वेगळी केलेली होती आणि सत्तर दोन महिन्यांची झाल्यावर. लवकर तोडलेल्या कुत्र्यांमध्ये फिरायला नेल्यावर घाबरणं, आवाजांना दचकणं, खूप भुंकणं, सामानाची नासधूस करणं, खाणं किंवा खेळणं कोणाला हात लावू न देणं, हे सगळं जास्त आढळलं. मंडळी, ही यादी ऐकून आपल्या ओळखीचा एखादा कुत्रा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल. त्याला आपण "वाह्यात", "चावरा" म्हणून मोकळे होतो. त्याचं लहानपण कसं गेलं, ते कोणी विचारत नाही.

आणि हे फक्त स्वभावापुरतं नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९३ साली झालेल्या एका अभ्यासात सहाव्या आठवड्यात आईपासून दूर केलेली पिल्लं आणि बाराव्या आठवड्यापर्यंत आईजवळ ठेवलेली पिल्लं यांची तुलना केली होती. सहाव्या आठवड्यात तोडलेल्यांची भूक कमी झाली, वजन घटलं, ती जास्त आजारी पडली आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं साधारण सहाव्या आठवड्यापासून कमी होत जातात. ती पुरेशी असतात तोवर लस नीट काम करत नाही, आणि ती पार कमी झाली की पिल्लू उघडं पडतं. म्हणून लशीचा एक डोस देऊन भागत नाही. सोळा आठवड्यांचं होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने डोस द्यावे लागतात. याच नाजूक दिवसांत आपण त्याला प्रवास घडवतो, खाणं बदलतो, रात्री एकटं झोपवतो. ताण आला, पोट बिघडलं आणि त्यातच पार्व्होची लागण झाली, तर तीन-चार दिवसांत सगळं संपू शकतं. रक्ताचे जुलाब होणारं एवढंसं पिल्लू टेबलावर ठेवून "डॉक्टर, काहीही करा" म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना काय सांगायचं?

यावर कोणी म्हणेल, मग चार महिने आईजवळच ठेवू या की! तेही बरोबर नाही. १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात पिल्लांना चौदा आठवडे माणसाचा सहवासच मिळू दिला नव्हता. पुढे ती माणसाजवळ यायलाच तयार होईनात. तेव्हा आई हवी आणि जोडीला माणसंही हवीत. चांगला ब्रीडर पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून रोज हातात घेतो. घरातली भांड्यांची आदळआपट, व्हॅक्यूम क्लीनर, मुलांचा दंगा, हे सगळं आई शेजारी असतानाच त्यांच्या कानावर पडू देतो. आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान ते तुमच्या घरी आलं की पुढचं काम तुमचं.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार परवानाधारक ब्रीडरला आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पिल्लू त्याच्या आईबरोबरच दाखवावं लागतं. एप्रिल २०२० पासून 'ल्युसीज लॉ' लागू झाला. ल्युसी ही कॅव्हेलियर जातीची कुत्री. वेल्समधल्या एका पपी फार्मवर नुसती पिल्लं काढण्यासाठी तिला वापरलं होतं. २०१३ साली तिची सुटका झाली, २०१६ साली ती गेली. तिच्या नावाच्या या कायद्याने सहा महिन्यांखालची पिल्लं मधल्या दलालाने किंवा दुकानाने विकणं बंद केलं. भारतातही २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. पण नियम कागदावर असतो आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं! पिल्लू लवकर गेलं की विकणाऱ्याचा तीन-चार आठवड्यांचा खाण्याचा, लशीचा खर्च वाचतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इथे पिल्लांना केवढी मागणी आली होती, ते आपण सगळ्यांनी पाहिलंच. आपण "आजच द्या" म्हणतो, म्हणून तो देतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी आपली गत होते.

म्हणून पिल्लू बघायला जाल तेव्हा या गोष्टी करा. आईला भेटल्याशिवाय पैसे देऊ नका. "ती फिरायला गेली आहे", "ती जरा आजारी आहे" अशी उत्तरं मिळाली तर सरळ परत या. समोर असलेली कुत्री खरंच त्यांची आई आहे का, तेही बघा. तिच्या आचळांवर दूध पाजल्याच्या खुणा आहेत का? पिल्लं तिच्याकडे धावतात का? जन्मतारीख लेखी घ्या. लशीचं कार्ड आणि मायक्रोचिपचे कागद तपासा. "कार पार्कमध्ये आणून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आणि पिल्लू सहा आठवड्यांचं असेल तर सांगा, आम्ही दोन आठवडे थांबतो. जो ब्रीडर यावर खूश होईल, तो चांगला.

इथली बरीच मंडळी पुण्या-मुंबईत, नाशिकला एकट्या राहणाऱ्या आई-बाबांना सोबत म्हणून पिल्लू भेट देतात. भावना फार चांगली आहे. पण महिन्याभराचं पिल्लू सत्तरीच्या माणसांच्या हाती देऊ नका. रात्री चारदा उठणं, वारंवार भरवणं त्यांना झेपत नाही. शिवाय रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात, हेही लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी मोठा, शांत स्वभावाचा, लस दिलेला कुत्रा दत्तक घेता आला तर सगळ्यात उत्तम.

सुट्टीत गावी गेल्यावर रस्त्याकडेला पिल्लं दिसतात आणि आपली मुलं हट्ट धरतात, "मम्मा, त्यांना कोणी नाही!" पुष्कळदा आई खाणं शोधायला गेलेली असते. लांबून दोन-चार तास वाट बघा. ती परत आली तर तिला खायला घाला, पाणी ठेवा. पिल्लांसाठी त्याहून चांगली मदत नाही. ती खरंच येत नसेल तर सगळी भावंडं एकत्र राहतील असं पाहा, ऊब द्या आणि जवळच्या पशुवैद्याला गाठा. गाईच्या दुधावर भिस्त ठेवू नका. कुत्रीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं त्याच्या जवळजवळ दुप्पट असतात. पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. ती पाजताना पिल्लाला बाळासारखं उताणं धरू नका, पोटावर ठेवूनच पाजा, नाहीतर दूध फुप्फुसात जातं.

आणि ज्यांच्या घरी असं लवकर आणलेलं पिल्लू आधीच आहे, त्यांनी निराश होऊ नये. लस दिलेल्या, शांत, मोठ्या कुत्र्याची संगत त्याला मिळवून द्या. पपी क्लासला न्या. चावलं की खेळ थांबवा, पण मारू नका. घाबरतं तिथे ओढून नेऊ नका. मेहनत जास्त लागते, वेळही लागतो, पण सुधारणा होते. प्राणी-आश्रमांत काम करणारी मंडळी रोज हेच करत असतात. कोणीतरी घाई केलेली असते आणि ती हे निस्तरत असतात.

आज तुम्ही त्या पाकिटात जे घालाल, त्यातून अशा कुत्र्यांच्या लशी, औषधं, खाणं, नसबंदी होणार आहे. तेव्हा हात आखडता घेऊ नका. आणि ज्यांना पैशाने शक्य नसेल त्यांनी एवढं तरी करावं. पुढच्या वेळी कोणी मैत्रीण फोनवर सांगेल, "अगं, पाच आठवड्यांचं पिल्लू मिळतंय, उद्या आणायला जातोय," तेव्हा तिला म्हणा, "थांब गं, अजून तीन आठवडे त्याला आईजवळ राहू दे." कुत्रा आपल्याकडे दहा-बारा वर्षं राहणार असतो. त्याच्यासाठी तीन आठवडे थांबणं आपल्याला जड नाही.

वडे गरम आहेत तोवर थांबते.