एका गाण्याचा दुसरा जन्म

१९९८ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिकांच्या खपाच्या साप्ताहिक यादीत एक गाणे पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. गाण्याची भाषा इंग्रजी, ते रचणारा व गाणारा तरुण पंजाबी कुळातला, आणि त्यात आळविलेले नाव मात्र मराठी घरातले होते. ते नाव म्हणजे आशा. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या पोटी १९३३ साली सांगली संस्थानात जन्मलेल्या आणि १९४३ मधील ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटात बालवयातच गायलेल्या आशा भोसले या त्या गाण्याचा विषय होत्या. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे त्याचे नाव. ‘आशेने काठोकाठ भरलेले’ असा त्याचा अर्थ करावयाचा की ‘आशाबाईंच्या सुरांनी काठोकाठ भरलेले’, हे रचनाकाराने ऐकणाऱ्यावर सोपविले आहे.

परंतु जे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, ते वादकांच्या त्या मेळाने स्वतः घडविले तसे नव्हते. मूळ गाणे १९९७ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आले, तेव्हा ते साठाव्या क्रमांकापर्यंत चढून उतरून गेले होते. मधल्या सहा महिन्यांत दुसऱ्याच एका माणसाने ते उकलले आणि नृत्यगृहातील नाचणाऱ्यांसाठी पुन्हा जोडले. या कृतीला ‘रीमिक्स’ म्हणतात. पुनर्मिश्रण असा शब्द योजल्यास अर्थहानी होणार नाही. दुसऱ्याचे गाणे घेऊन ते नव्याने घडविणे ही कला म्हणावी की केवळ अतिक्रमण, हा प्रश्न या एका उदाहरणाच्या आधाराने तपासून पाहण्यासारखा आहे.

प्रथम या कृतीचे मूळ पाहिले पाहिजे. १९६७-६८ च्या सुमारास जमैका बेटावर रडी रेडवुड नावाच्या एका ध्वनिक्षेपण-चालकाने ‘पॅरागॉन्स’ या गायकमेळाच्या ‘ऑन द बीच’ या गाण्याची तबकडी कापून घेतली. कापताना चुकून गायकांचा आवाज वगळला गेला. उरली ती केवळ साथ. रेडवुडने ती तशीच नाचाच्या मैफलीत लावली आणि जमलेल्या लोकांनी वगळलेले शब्द स्वतःच्या कंठांनी भरून काढले. या चुकीतून एक प्रथा जन्मास आली. पुढे किंग टबी या विद्युत्-यंत्रांच्या कुशल कारागिराने आवाज मध्येच गाळणे, मध्येच परत आणणे, त्याला प्रतिध्वनी जोडणे, अशा क्रियांचे शास्त्रच बनविले. न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टनने नाचणाऱ्यांचा पाय मध्येच थांबू नये म्हणून तीन मिनिटांची गाणी लांबविली. आणि १९७६ साली वॉल्टर गिबन्सने पुनर्मिश्रित केलेले ‘टेन पर्सेंट’ हे गाणे बारा इंची तबकडीवर सर्वांना विकत मिळू लागले. सारांश, रीमिक्सचा उगम नाचणाऱ्या माणसाच्या गरजेत आहे. ऐकणारा खुर्चीवर बसून जे सहन करील, ते नाचणारा करीत नाही.

आता मूळ गाण्याकडे वळू. ‘कॉर्नरशॉप’ हा वादकांचा मेळ तजिंदर सिंग, बेन एअर्स आदी तरुणांनी १९९१ साली इंग्लंडमधील लेस्टर शहरी स्थापन केला. नाक्यावरचे किरकोळ दुकान चालविणारा तो आशियाई माणूस, ही ब्रिटनमधील रूढ समजूत. ती उपहासाने उचलून त्यांनी आपले नाव केले. मोठ्या कंपन्यांच्या छत्राबाहेर, लहान स्वतंत्र संस्थांच्या आश्रयाने वाढलेल्या अशा मेळांना तिकडे ‘इंडी’ म्हणतात. गिटारचा खरखरीत नाद, गायकाचा न घोटलेला आवाज आणि सफाईविषयी काहीशी बेफिकिरी ही त्यांची सर्वसाधारण लक्षणे. या मेळाच्या १९९७ च्या संग्रहात ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ आहे. त्याच संग्रहात बीटल्सचे एक विख्यात गाणे पंजाबीत गायलेले आहे.

मूळ गाण्याची चाल सैल, रेंगाळणारी आहे. घरात बसून, पाय पसरून जुन्या तबकड्या ऐकाव्यात, तसा तिचा डौल. विषयही तोच. पडद्यावर ओठ हलविणारी नटी एक आणि तिला आवाज देणारी गायिका दुसरी, ही भारतीय पार्श्वगायनाची रीत. आणि थकल्याभागल्या जिवाला त्या अदृश्य आवाजाचा मिळणारा विसावा. पुढे गाण्यात नावांची एक माळच येते. लता मंगेशकर, महंमद रफी, ऑल इंडिया रेडिओ आणि ज्या संस्थेने जमैकातील संगीत ब्रिटनमध्ये घरोघर नेले ती ‘ट्रोजन’. बहुतेक नावांमागून ‘पंचेचाळीस’ हा आकडा येतो. तो मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या घेणाऱ्या लहान तबकडीचा. परदेशात वाढलेल्या एका मुलाच्या घरातील कपाटाची ही यादी आहे, आणि तिच्यात मुंबई, जमैका व इंग्लंड एकाच फळीवर बसली आहेत.

या गाण्याचे पारखी नव्हते असे नाही. बीबीसीवरील जॉन पील हे नव्या संगीताचे मोठे जाणकार. त्यांचे श्रोते वर्षअखेरीस मते देऊन वर्षातील पन्नास गाणी निवडीत. १९९७ च्या त्या निवडीत हेच गाणे पहिले आले. म्हणजे जाणत्यांनी त्याला पहिला मान दिला होता, आणि बाजाराने साठावा.

हा दुरावा भरून काढणारा माणूस नॉर्मन कुक. हा स्वतः पूर्वी ‘हाउसमार्टिन्स’ या इंडी मेळात बास गिटार वाजवीत असे. पुढे ‘फॅटबॉय स्लिम’ हे नाव घेऊन तो नृत्यसंगीताकडे वळला. त्याने केलेले मुख्य काम सांगावयास सोपे आहे: त्याने गाण्याचा वेग वाढविला, त्यासरशी स्वर चढू दिला, आणि खाली ढोलांचा भरीव ठेका घातला. येथे थोडे यंत्रशास्त्र ध्यानी घ्यावे. तबकडी किंवा फीत जलद फिरविली की वेगाबरोबर स्वरही चढतो. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की पांढरी एकमध्ये गाणारा काळी एकमध्ये गाऊ लागतो. त्यामुळे वेग वाढविलेल्या गायकाचा कंठ अधिक कोवळा, अधिक उत्सुक वाटतो. जो तजिंदर मूळ गाण्यात आठवणींत रमलेला दिसतो, तोच येथे काही शुभवार्ता घेऊन धावत आल्यासारखा भासतो. शब्द तेच, कंठ तोच. परंतु भाव पालटला.

येथेच आक्षेप उभा राहतो. चित्रकाराच्या चित्रावर दुसऱ्याने रंग चढविला तर त्याला कोणी कला म्हणणार नाही. मग गाण्याच्या बाबतीत ही मुभा का? याचे एक उत्तर सरळ आहे. रंग चढविलेले मूळ चित्र नष्ट होते. गाण्याची मूळ मुद्रिका मात्र शाबूत राहते. पण हे उत्तर पुरेसे नाही. मुद्रिका शाबूत राहिली तरी लोकांची स्मरणशक्ती एकच असते, आणि तीत जे आधी व मोठ्याने शिरले ते दुसऱ्याला जागा देत नाही. कॉर्नरशॉपचे नाव निघताच बहुसंख्यांच्या कानांत नॉर्मन कुकचा ठेका वाजतो. पहिल्या क्रमांकावरील ते वास्तव्य एकाच आठवड्याचे ठरले. मेळाचे त्याच वर्षीचे पुढील गाणे तेविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि ते शिखर त्याला पुन्हा गाठता आले नाही. स्वतःच्या गाण्याने मिळालेले यश स्वतःच्या हातचे नसावे, ही स्थिती कोणत्याही कलावंताला सुखाची म्हणता येणार नाही.

तथापि याच कृतीने एखाद्या मेळाला स्वतःची वाट दाखविल्याचेही उदाहरण आहे. ग्लासगोच्या ‘प्रायमल स्क्रीम’ या मेळाच्या १९८९ च्या संग्रहातील एक संथ, विरही गाणे अँड्र्यू वेदरॉल या नवख्या माणसाकडे पुनर्मिश्रणासाठी दिले गेले. त्याचा पहिला प्रयत्न फार अदबीचा झाला, तेव्हा मेळाच्या गिटारवादकानेच त्याला सांगितले की भीड सोड आणि गाणे मोडून टाक. वेदरॉलने ते मोडले. मूळ गायन जवळजवळ सारे वगळले, आरंभी १९६६ च्या एका अमेरिकन चित्रपटातील संवाद बसविला आणि १९९० साली ‘लोडेड’ या नावाने निराळेच गाणे उभे केले. ते सोळाव्या क्रमांकापर्यंत गेले. पण खरा लाभ पुढचा होता. मोडतोडीतून काय उभे राहते हे पाहून त्या मेळाने आपली रीतच पालटली, आणि वेदरॉल आदींच्या सहकार्याने १९९१ चा ‘स्क्रीमॅडेलिका’ हा संग्रह सिद्ध झाला. १९९२ साली प्रथमच दिले गेलेले मर्क्युरी पारितोषिक त्यालाच मिळाले.

पुढे ही रीत इतकी रुळली की २००५ साली लंडनच्या ‘ब्लॉक पार्टी’ या मेळाने ‘सायलेंट अलार्म’ हा आपला पहिला संग्रह फेब्रुवारीत काढला आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये त्यातील तेराही गाणी, त्याच क्रमाने, निरनिराळ्या हातांनी पुनर्मिश्रित करवून दुसरा संग्रह प्रसिद्ध केला. मूळ संग्रहाचा निर्माता पॉल एपवर्थ यानेच ‘फोन्स’ हे टोपणनाव घेऊन त्यातील एक गाणे नव्याने घडविले. स्वतःच्या वाक्यावर स्वतःच दुसरे भाष्य लिहावे, तसा हा प्रकार.

या तीन उदाहरणांवरून काही निष्कर्ष निघतो. वेदरॉलने मूळ गाणे जवळजवळ पुसले, पण त्याच्या कर्त्यांना पुढची दिशा दिली. ब्लॉक पार्टीने मूळ आणि भाष्य शेजारी शेजारी ठेवून ऐकणाऱ्याला तुलनेची सोय करून दिली. नॉर्मन कुकने यांपैकी काहीच केले नाही. त्याने गाणे जवळजवळ आहे तसे ठेवून केवळ धावावयास लावले. त्याच्या वेगात त्या कपाटातील यादी थोडी अस्पष्ट झाली, हे कबूल केले पाहिजे. नाचणाऱ्याला नावे मोजावयास उसंत नसते.

परंतु त्या गाण्याचा विषय आठवला म्हणजे हा दोष सौम्य वाटू लागतो. पार्श्वगायनाची कला तरी दुसरे काय आहे? एकीचा आवाज दुसरीच्या मुखातून बाहेर पडतो, आणि प्रेक्षक दोघींनाही आपल्या मानतो. नटीच्या मुद्रेवर भाळलेला रसिक पुढे कधीतरी विचारतो की हा गळा कोणाचा. त्या प्रश्नापाशी गायिकेला तिचा हक्क परत मिळतो. तजिंदर सिंगच्या गाण्याने नेमका हाच प्रश्न इंग्रजी श्रोत्यांपुढे ठेविला होता. आणि त्याच गाण्याला पुढे दुसऱ्याच्या ठेक्याची मुद्रा घेऊन रंगमंचावर यावे लागले.

रीमिक्सची कसोटी म्हणून एवढीच धरावी की ते ऐकणाऱ्याला मुळापाशी परत धाडते की नाही. १९९८ च्या त्या आठवड्यात जे नाचले, त्यांच्यापैकी ज्याने घरी जाऊन मूळ मुद्रिका लावली, त्याला तीच नावे संथपणे, एकेक करून, ऐकू आली असतील. आणि ही आशा कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या संथ चालीतच होते.